वळलेल्या सोंगट्या अशा सरळ झाल्या
मे महिन्यात जळगावात आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे पात्रं बनून फासे टाकत राक्षसांशी लढायच्या खेळाचा, डाव कूलरसमोरच बसतो. सोंगट्या घरच्या: लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चित्र चिकटवून कापलेल्या, १ इंच चौरस, कारण पटावरचं १ इंचाचं घर म्हणजे खेळातले ५ फूट. पण रात्रीतून सगळ्या पापडासारख्या वळल्या. ओला कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो.

मग मागूनही तसाच कागद, तीच मैद्याची खळ लावली. ओढ दोन्हीकडून सारखी झाली. वर-खाली रद्दी पेपर, त्यावर आजीचा पाटा, रात्रभर. कापायचं वाळल्यावरच, ओलं असताना कडा फाटतात.

आता मागच्या बाजूला तोच राक्षस लाल रंगात छापते. जखमी झाला की सोंगटी उलटायची!