माणूस पाठवावा की रोबो? अवकाशमोहिमांवरचे दोन विरुद्ध युक्तिवाद कसे तपासावेत

अवकाशात माणूस पाठवावा की रोबो, यावरचे दोन विरुद्ध बाजूंचे लेख लागोपाठ वाचले की पंचाईत होते. पहिला वाचताना तो पटतो, दुसरा वाचताना दुसरा. मग ज्याची भाषा जोरकस त्याच्या बाजूने मत झुकतं आणि मुद्दे तपासायचे राहूनच जातात. खालची पद्धत अशा दोन लेखांसाठी आहे. तिला दोन बैठका लागतात: एक वाचून तक्ता करायला, दुसरी आकडे पडताळून निष्कर्ष लिहायला.

आधी प्रश्न ओळखा

पहिलं वाचन हातात पेन न घेता करा. मग प्रत्येक लेखाखाली एकच ओळ लिहा: हा लेख नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय? या वादात साधारण चार प्रश्न येतात. ठरावीक पैशात जास्त विज्ञान कशातून मिळेल? माणसाचा जीव धोक्यात घालणं योग्य आहे का? माणसाने पृथ्वीबाहेर राहायला शिकावं का? आणि देशाची प्रतिष्ठा व तरुणांचं कुतूहल कशाने वाढेल? एक लेखक पहिल्या प्रश्नावर बोलत असेल आणि दुसरा तिसऱ्यावर, तर ते एकमेकांना खोडत नाहीत, नुसते शेजारी उभे राहून बोलत असतात. ज्या प्रश्नावर दोघेही बोलतात तेवढाच भाग तुलनेसाठी घ्या.

चार रकान्यांचा तक्ता

कागद आडवा धरा आणि चार रकाने आखा: दावा, कारण, पुरावा, गृहीतक. प्रत्येक बाजूचे चारच दावे घ्या. दहा घेतले तर किरकोळ मुद्दे मोठ्यांना झाकून टाकतात. दावा आधी लेखकाच्याच शब्दांत उतरवा, मग खाली स्वतःच्या शब्दांत. थेट स्वतःच्या शब्दांत लिहिलं की न आवडणारा दावा नकळत दुबळा करून लिहिला जातो, आणि पुढची सगळी तपासणी त्या दुबळ्या दाव्याचीच होते.

चौथा रकाना सर्वांत अवघड, कारण गृहीतक लेखात लिहिलेलं नसतं. ते शोधायला एकच प्रश्न पुरतो: या पुराव्यावरून दावा खरा ठरण्यासाठी आणखी काय खरं असावं लागेल? एक उदाहरण घेऊ. दावा असा: रोबो स्वस्त पडतात. पुरावा असा: माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अमेरिकेच्या अपोलो कार्यक्रमावर त्या काळचे सुमारे 25 अब्ज डॉलर खर्च झाले, तर 2012 मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी या रोव्हरवर, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या रोबोवर, सुमारे अडीच अब्ज. आकडे बरोबर आहेत. पण एकीकडे रॉकेट बनवण्यापासून सहा चांद्रावतरणांपर्यंतचा अख्खा कार्यक्रम आहे आणि दुसरीकडे एकच यान. शिवाय 1960-70 च्या दशकातला डॉलर आणि 2012 चा डॉलर सारखे नाहीत. महागाई धरली तर अपोलोचा आकडा कित्येक पटींनी वाढतो, म्हणजे ही दुरुस्ती रोबोवाल्यांच्याच बाजूने जाते. दुरुस्ती कोणाच्या फायद्याची आहे हे न पाहता ती करायची, हा नियम इथे कसोशीने पाळा. गृहीतक मात्र उरतंच: दोघांनी केलेलं काम सारखंच मोलाचं होतं, असं इथे धरून चाललेलं आहे.

आकडे: कशाची तुलना कशाशी?

मानवी मोहिमांच्या बाजूचा लाडका आकडा म्हणजे चंद्रावरचे नमुने. 1969 ते 1972 या काळात अपोलोच्या 12 अंतराळवीरांनी 382 किलो दगडमाती आणली. त्याच सुमारास सोव्हिएत संघाच्या लूना 16, 20 आणि 24 या तीन मानवरहित यानांनी मिळून आणली 300 ग्रॅमच्या आसपास. हजारपटीहून जास्त फरक! मात्र ही तुलना पन्नास वर्षांपूर्वीच्या यंत्रांशी आहे. चीनच्या चांग-ई 5 ने 2020 मध्ये एकाच फेरीत 1731 ग्रॅम आणले, आणि चांग-ई 6 ने 2024 मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूवरून, जिथे आजवर एकही माणूस उतरलेला नाही, सुमारे 1935 ग्रॅम. लेखात कोणत्या काळातला पुरावा आहे ते पुराव्याच्या रकान्यात वर्षासकट लिहा. वर्ष लिहिलं की अर्ध्या चुका आपोआप दिसतात.

वजन हेच माप धरणंही घाईचं आहे. डिसेंबर 1972 मध्ये अपोलो 17 मोहिमेत हॅरिसन श्मिट, चंद्रावर चाललेले एकमेव व्यावसायिक भूगर्भशास्त्रज्ञ, शॉर्टी विवराच्या काठावर उभे होते. त्यांच्या बुटाने राखाडी धूळ विस्कटली आणि खाली नारिंगी माती दिसली. परतीची वेळ जवळ येत असताना श्मिट आणि यूजीन सर्नन यांनी तिथे चर खणला, नळी ठोकून खालचा नमुना घेतला. ती माती म्हणजे प्राचीन ज्वालामुखीतून उडालेले काचेचे बारीक कण निघाले. नेमक्या जागी थांबणारा तयार डोळा किती मोलाचा असतो, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

आता तोच नमुना दुसऱ्या बाजूने बघा. त्या काचेत अडकलेलं पाणी सापडलं ते जवळपास चार दशकांनी, पृथ्वीवरच्या प्रयोगशाळांतल्या उपकरणांनी. आणि चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा दूरवर पसरलेल्या आहेत, हे 2009 मध्ये जाहीर झालं ते चंद्रयान-1 या मानवरहित यानावरच्या उपकरणामुळे. निवड माणसाची, शोध उपकरणांचा. असा पुरावा तक्त्यात दोन्हीकडे लिहा. एकाच बाजूला लिहिण्याचा मोह होतो, आणि नेमका तिथेच निष्कर्ष तिरका जातो.

उलट उदाहरण शोधा

प्रत्येक ठळक उदाहरणासमोर त्याच कामाचं उलट उदाहरण ठेवा. "त्याच कामाचं" हे महत्त्वाचं. नाहीतर दुर्बिणीसमोर रोव्हर ठेवला जातो. जमिनीखालून येणारी उष्णता मोजण्याचं काम यासाठी फार उपयोगी आहे, कारण ते माणसांनीही केलं आणि रोबोनेही.

2018 मध्ये मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाजवळ जमिनीत ठोकत जाणारा एक शोधक होता. त्याला पाच मीटरपर्यंत खाली जायचं होतं. तिथल्या मातीने त्याला पुरेसं घर्षणच दिलं नाही, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला तो पुढे सरकण्याऐवजी जागीच उसळत राहिला. यांत्रिक हाताने दाबून पाहिलं, तरी जेमतेम पृष्ठभागाखाली जाऊन तो थांबला. जानेवारी 2021 मध्ये प्रयत्न सोडले. "तिथे माणूस असता तर..." हे वाक्य इथे हमखास येतं. आता उलट बाजू: अपोलो 15 मध्ये माणूस होता, तरी ड्रिल अडकलं आणि ठरलेली खोली गाठता आली नाही. अपोलो 16 मध्ये जॉन यंग यांचा पाय तारेत अडकून ती तुटली आणि उष्णतामापनाचा प्रयोग तिथेच संपला. अपोलो 17 मध्ये मात्र सुधारलेल्या साधनांनी तो पार पडला. म्हणजे अडचण फक्त "माणूस की यंत्र" एवढी नव्हती. जमीन कशी निघेल याचा अंदाज आणि साधनाची रचना यांचाही त्यात मोठा वाटा होता. उलट, क्युरिऑसिटीचं ड्रिल 2016 च्या अखेरीस बिघडलं, तेव्हा पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी ते वापरण्याची नवी रीत बसवली आणि 2018 मध्ये खोदकाम पुन्हा सुरू झालं. काम झालं, पण दीड वर्ष गेलं. हा वेळही तक्त्यात लिहा.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या हबल दुर्बिणीचंही तसंच. 1990 मध्ये सोडल्यावर आरशातला दोष कळला आणि 1993 मध्ये अंतराळवीरांनी तो निस्तरला. पुढे 2009 पर्यंत आणखी चार दुरुस्ती-फेऱ्या झाल्या. माणूस जाऊन दुरुस्ती करू शकतो हा मुद्दा पक्का आहे, पण हबल मुळातच दुरुस्तीसाठी बांधलेली आणि अंतराळवीरांना नेणाऱ्या शटल यानांच्या आवाक्यातली होती. सुमारे 15 लाख किलोमीटरवरच्या वेब दुर्बिणीला हा युक्तिवाद लागू होत नाही.

अंतर आणि धोका

"रोबोला जागेवर निर्णय घेता येत नाही" हा दावा अंतर न सांगता केला असेल तर अपुरा समजा. चंद्राकडे संदेश जाऊन यायला अडीच सेकंदांच्या थोडं वर लागतात. मंगळाकडे एका दिशेनेच 3 ते 22 मिनिटं. त्यामुळे हाच दावा चंद्रासाठी कमकुवत आणि मंगळासाठी भक्कम ठरतो. त्यातही मंगळावरचा पर्सिव्हरन्स रोव्हर वाट बरीचशी स्वतःच काढतो, हे विसरू नका. अंतराळवीर कक्षेत राहून खालचा रोव्हर चालवू शकतील, हा तिसरा पर्यायही लेखात आहे का ते बघा. दोनच पर्याय मांडणाऱ्या लेखात बहुधा हाच सुटलेला असतो.

धोक्याचे आकडे स्वतः गुणून पाहा. क्युरिऑसिटीने मंगळाच्या प्रवासात रोज सुमारे 1.8 मिलिसिव्हर्ट (शरीराला पोचणारं प्रारण, म्हणजे रेडिएशन, मोजण्याचं एकक) प्रारण मोजलं. जायला 180 दिवस आणि यायला तेवढेच धरले तर 648 मिलिसिव्हर्ट होतात. नासाची अख्ख्या कारकिर्दीची मर्यादा 600 आहे. हे मोजमाप एका यानाच्या आवरणातलं आणि सूर्याच्या कमी-जास्त होणाऱ्या सक्रियतेच्या एका टप्प्यातलं आहे, तरी "तंत्रज्ञान सुधारेल" एवढ्यावर विषय संपवणाऱ्या लेखाला इथे उत्तर द्यावंच लागेल.

मूल्यांवरचे दावे वेगळे काढा. "विज्ञानासाठी जीव धोक्यात घालू नये" हे वाक्य 1986 च्या चॅलेंजर आणि 2003 च्या कोलंबिया या शटल यानांच्या अपघातांतल्या 14 मृत्यूंनी सिद्धही होत नाही आणि खोडलंही जात नाही. अशा ओळीसमोर "मूल्य" असं लिहा, आणि लेखक तेच मूल्य सगळीकडे पाळतो का एवढंच तपासा.

एक मुद्दा बरेच लेख गाळतात: जंतू. मंगळावर जीवसृष्टीच्या खुणा शोधायला माणूसच सर्वांत योग्य, असं म्हणतात. पण माणसासोबत अब्जावधी जंतूही तिथे जातात, आणि मग सापडलेली खूण मंगळाची की आपली हे ठरवणं कठीण होतं. 1967 च्या अवकाश करारातही घातक प्रदूषण टाळण्याची अट आहे. मानवी मोहिमांच्या बाजूच्या सर्वांत चांगल्या मुद्द्यालाच इथे धक्का लागतो, म्हणून त्याला किरकोळ आक्षेपांच्या रांगेत बसवू नका.

लिहिताना

लेखकाच्या पेशावरून दावा मोडीत काढू नका. मंगळावरच्या रोव्हर मोहिमेचे वैज्ञानिक प्रमुख स्टीव्ह स्क्वायर्स माणसाला मंगळावर पाठवण्याच्या बाजूचे, तर पृथ्वीभोवतीचे प्रारणपट्टे शोधणारे जेम्स व्हॅन ॲलन मानवी उड्डाणांचे टीकाकार. दोघांची कारणं वाचावी लागतात.

निष्कर्षाचे तीन भाग करा: प्रश्न कोणता, खरी टक्कर कुठे, आणि कोणत्या अटीवर कोणती बाजू वरचढ. आमच्या तक्त्यातून निघणारं वाक्य असं: "उद्देश मंगळावरचे जीवसृष्टीचे पुरावे शोधणं असेल, तर नमुने पृथ्वीवर येऊन तपासले जाईपर्यंत रोबोच पुढे असावेत; चंद्रावर, जिथे घरी परतायला तीन दिवस पुरतात, तिथे तयार भूगर्भशास्त्रज्ञ पाठवण्याची बाजू जास्त भक्कम आहे." तुमचं वाक्य वेगळं येईल. ते लिहून झाल्यावर प्रत्येक बाजूचा सारांश त्या बाजूच्या माणसाला वाचायला द्या. "हो, माझं म्हणणं हेच" असं तो म्हणाला नाही, तर दाव्याच्या रकान्याकडे परत जा.