घरफोडी टाळायची असेल तर कुलपाच्या आधी चौकट बघा

घराच्या सुरक्षेचा विषय निघाला की पहिली उडी कॅमेऱ्यावर, नाहीतर मग एखादं जाडजूड भारीतलं कुलूप आणायचं. कुलूप वाईट असतं असं नाही, पण ते ज्या लाकडात बसवलंय आणि ज्या स्क्रूंनी बसवलंय तिकडे कोणी बघतच नाही. बातम्यांत नेहमी "कडीकोयंडा उचकटून आत शिरले" असं वाचतो ना आपण, ते तसंच होतं, कुलूप शाबूत राहतं आणि कोयंडाच लाकडासकट बाहेर येतो.

तर पहिलं काम. पुढचं दार उघडा आणि चौकटीत जिथे लॉकचा बोल्ट (चावी फिरवली की बाहेर येणारी दांडी) शिरतो तिथली धातूची पट्टी बघा. तिचा एक स्क्रू काढून हातात घ्या. बहुतेक वेळा तो जेमतेम 2 सेंटिमीटरचा निघेल, म्हणजे एवढं जड दार शेवटी त्या तेवढ्याशा लाकडावर अवलंबून आहे आणि दोन-चार जोरदार लाथांमध्ये तिथलं लाकूड चिरतं. सुताराला सांगून तिथे जाड, लांब पट्टी बसवून घ्या आणि साधारण 75 मिलिमीटरचे स्क्रू मारून घ्या, ते चौकटीतून पार होऊन मागच्या भिंतीत रुतले पाहिजेत. भिंत विटांची किंवा काँक्रीटची असेल तर ड्रिलने भोक पाडून फास्टनर (आवळला की भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) टाकावा लागतो, नुसता स्क्रू तिथे धरत नाही. बिजागऱ्यांनाही हेच करा. माझ्या मते सगळ्या यादीत कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम हे आहे, आणि नेमकं हेच कोणी करत नाही.

दार आतून पोकळ आहे का तेही वाजवून बघा, पोकळ दार बेडरूमला ठीक, बाहेरच्या दाराला अजिबात नको.

आता लॅच. दार ओढून घेतलं की खटकन लागतं ते लॅच म्हणजे दार बंद झालं, कुलूप लागलं नाही. त्याची जीभ तिरकी आणि स्प्रिंगवर असते, फटीतून पातळ कडक प्लास्टिक सरकवून ती मागे ढकलता येते. त्यामुळे पाच मिनिटांसाठी खाली जायचं असलं तरी चावी फिरवून बोल्ट टाकायचाच, आणि तो बोल्ट निदान 25 मिलिमीटर तरी चौकटीत गेला पाहिजे. दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर बिजागऱ्यांच्या पिना बाहेर दिसतात, त्या ठोकून काढता येतात, तिथे पिन न निघणाऱ्या बिजागऱ्या बसवायच्या.

दाराबाहेर लटकणारं कुलूप मला स्वतःला अजिबात पटत नाही, कारण घरात कोणी नाही हे ते जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतं. दाराच्या आतच बसणारं लॉक असेल तर बाहेरून बघून काही कळत नाही. तरी लटकतं कुलूपच लावायचं असेल तर ज्याची दांडी कमीत कमी उघडी राहते असं घ्या म्हणजे कटावणी घालायला जागा मिळत नाही, आणि कोयंडा स्क्रूवर न ठेवता आरपार बोल्ट टाकून आतून नट आवळून घ्या.

पुढच्या दारावर सगळा खर्च होतो आणि मग मागचं दार, गच्चीचं दार, बाथरूमची खिडकी तशीच राहते. घराभोवती एकदा बाहेरून फिरा, चावी नाही आणि आत शिरायचंय असं समजून फिरा. कुठल्या पाइपवरून चढता येईल, कुठल्या छज्ज्यावर पाय ठेवता येईल, शिडी बाहेर पडलीय का (ती कुलपातच हवी, पहार, स्क्रू ड्रायव्हर वगैरे हत्यारंसुद्धा), खिडकीसमोरचं झुडूप एवढं वाढलंय का की त्याच्याआड माणूस बसला तरी दिसणार नाही. बाथरूमच्या व्हेंटिलेटरच्या काचेच्या पट्ट्या तर बऱ्याचदा नुसत्या क्लिपमध्ये अडकवलेल्या असतात, एकेक करून आवाज न करता बाहेर काढता येतात, तिथे आतून ग्रिल पाहिजेच. सरकत्या खिडक्यांचं पण तसंच, काही खिडक्यांचा पल्ला बंद असतानाही वर उचलला की रुळातून सुटतो. आपला पल्ला उचलून बघा, सुटत असेल तर वरच्या रुळात एक-दोन स्क्रू असे मारा की पल्ला सरकेल पण उचलला जाणार नाही, आणि रात्री खालच्या रुळात मापाची काठी आडवी टाकून ठेवा.

ग्रिलबद्दल मात्र एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. सगळं घर ग्रिलने बंद करून टाकू नका. आग लागली तर बाहेर पडायला वाट हवी, म्हणून निदान एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप ठेवा, तिची चावी बाहेरून हात घालून मिळणार नाही पण घरातल्या सगळ्यांना अंधारातही सापडेल अशा जागी ठेवा, आणि मुलांकडून आणि आजी-आजोबांकडून ती झडप एकदा उघडवून बघा. दारांचंही तेच, आतून बाहेर पडताना चावी शोधत बसायची वेळ येऊ नये.

कॅमेरा लावा, पण तो चोराला अडवत नाही, फार तर बिचकवतो आणि नंतर पुरावा देतो हे लक्षात ठेवून लावा. छताला उंच लावलेल्या कॅमेऱ्यात टोपीच दिसते, चेहरा दिसत नाही, म्हणून दारापाशी एक तरी चेहऱ्याच्या उंचीच्या जवळपास हवा. रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखाली ठेवला तर चोर तोही उचलून नेतात, तो लपवा नाहीतर रेकॉर्डिंग ऑनलाइन साठवा. कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, नाहीतर तुमचं घर दुसरंच कोणी बघत बसायचं. माणूस आला की आपोआप लागणारा सेन्सरचा दिवा मागच्या बाजूला लावा, जिथे रस्त्यावरचा उजेड पोचत नाही.

गावाला जाताना घर रिकामं दिसू नये एवढंच बघायचं. पेपर बंद करा, शेजाऱ्यांना सांगून जा, आतला एखादा दिवा टायमरवर संध्याकाळी लागेल असं करा (दिवसरात्र जळणारा दिवा उलट घर रिकामं असल्याचं सांगतो). फोटो परत आल्यावर टाका, आणि मुलांनाही हे समजावून सांगा, कारण आपण गप्प बसतो आणि स्टेटस त्यांच्याकडून जातो.

चावी पायपुसण्याखाली, कुंडीत, चपलांच्या रॅकमध्ये, मीटरच्या पेटीत ठेवू नका, या जागा चोरांना पाठ असतात. जादा चावी भरवशाच्या शेजाऱ्यांकडे द्या. घर विकत किंवा भाड्याने घेतलं तर आधीच्या किती चाव्या कोणाकडे आहेत हे कळायला मार्ग नसतो, बाहेरच्या दाराचं लॉक किंवा निदान त्याचा सिलिंडर (ज्यात चावी फिरते तो भाग) बदलून घ्या.

दागिने आणि रोख रक्कम बेडरूमच्या कपाटात असते हे सगळ्यांना माहीत आहे, पहिली उचकापाचक तिथेच होते. क्वचित लागणारे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. घरात तिजोरी घेतली तर ती बोल्टने भिंतीत किंवा जमिनीत पक्की करा, छोटी सुटी तिजोरी म्हणजे सगळा ऐवज एकत्र बांधून दिल्यासारखं होतं. दागिन्यांचे फोटो, पावत्या, लॅपटॉपचे सिरियल नंबर, फोनचे आयएमईआय नंबर हे सगळं कुठेतरी ऑनलाइन ठेवून द्या. तक्रार देताना आणि विम्याचा दावा करताना हेच विचारतात, आणि तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं.

घरी आलात आणि दार फोडलेलं दिसलं तर आत जाऊ नका, माणूस अजून आत असू शकतो. बाहेर लांब जाऊन पोलिसांना फोन करा. आणि तुम्ही घरात असताना कोणी शिरलं तर वस्तू वाचवायला पुढे जाऊ नका, बाहेर पडता येत असेल तर पडा, नाहीतर सगळ्यांना घेऊन एका खोलीत कडी लावा आणि तिथून फोन करा.

पोलीस येऊन ठसे घेईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, आवरायचं नाही. ते झालं की त्याच दिवशी लॉक बदला आणि ज्या वाटेने चोर आला ती वाट बंद करून घ्या, कारण एकदा फोडलेल्या घरात थोड्याच दिवसांत परत चोरी होण्याचा धोका वाढलेला असतो, आतली रचना त्यांना कळलेली असते आणि नवीन सामान येणार हेही माहीत असतं. घरातली एखादी जादा चावी गेलीय का हे त्यासाठी सगळ्यात आधी तपासा, गाडीच्या चावीसकट.