मध्येच दम सोडणारं होडीचं इंजिन : दोष कसा शोधावा

नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, मासेमारीच्या होड्यांना मागे बाहेरून लावलेल्या आउटबोर्ड इंजिनांची एक तक्रार नेहमीची आहे. काठावर इंजिन पहिल्याच दोरीला सुरू होतं, अर्धा तास छान पळतं आणि पार आत गेलं की दम सोडतं. रेस पिळली तरी ओढ नाही. परत आणून मिस्त्रीला दाखवावं तर त्याच्यासमोर काहीच होत नाही. मग अंदाजाने प्लग बदलतात, कार्बोरेटर खोलतात, पैसे जातात आणि दोष जागेवरच राहतो. असा येणारा-जाणारा दोष तो आला त्या क्षणीच पकडावा लागतो. पुढची सगळी तपासणी त्यासाठीच आहे.

तपासायला एकट्याने जाऊ नका. एकाने होडी सांभाळायची, दुसऱ्याने इंजिनाकडे बघायचं. दोघांच्याही अंगात लाइफ जॅकेट हवं, होडीत वल्ही आणि नांगर हवा. काठ दिसेल इतक्याच अंतरावर फेऱ्या मारा.

आधी फक्त बघा आणि ऐका. ताकद गेली की इंजिनाचा आवाज कसा बदलला? हळूहळू बसत गेला, धडपडला, तर बहुतेक वेळा पेट्रोल कमी पडतंय. बटण दाबल्यासारखं एकदम बंद झालं तर प्लगला ठिणगी देणाऱ्या करंटचा संशय घ्या. आवाज उलट वाढला, इंजिन भरारा फिरतंय पण होडी पुढं जात नाही, तर इंजिन चांगलं आहे, दोष पाण्यातल्या पंख्यात आहे. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मं काम होतं, तरी घाईत लोक नेमकं हेच सोडतात.

पेट्रोल

सुरुवात टाकीच्या झाकणापासून करा. झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो. टाकी मोटारसायकलवर बांधून धरणावर आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो आवळतात आणि पाण्यात उतरताना सैल करायचं राहून जातं. जितकं पेट्रोल बाहेर ओढलं जातं तितकी हवा आत आली नाही, तर टाकीत पोकळी होते आणि काही वेळाने इंजिन उपाशी राहतं. ताकद गेल्यावर स्क्रू सैल करताच फुस्स आवाज आला आणि इंजिन सावरलं, तर दोष सापडला.

त्यानंतर पाइपातला रबरी फुगा, म्हणजे दाबून पेट्रोल इंजिनाकडे ढकलायचा पंप. त्यावरचा बाण इंजिनाच्या दिशेने हवा. ताकद जाताना जोडीदाराला फुगा हातात धरायला सांगा.

फुगा आत ओढला जाऊन चपटा झाला असेल, तर फुग्याच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला काहीतरी तुंबलंय : हवेचा स्क्रू, टाकीतली जाळी किंवा पिळलेला पाइप. फुगा नुसता मऊ पडला आणि दाबत राहिलं की इंजिन सुधारतं, तर कुठून तरी हवा शिरते आहे किंवा इंजिनावरचा पेट्रोल पंप अशक्त झालाय. जोडणीच्या क्लिपा आणि रबरी रिंगा बघा. फुगा कडक आहे, तरी इंजिन मरतंय, तर दोष त्याच्या पुढे, फिल्टर, कार्बोरेटर किंवा करंटमध्ये.

यावर पक्कं शिक्कामोर्तब करायचं तर शेजारच्या होडीची चालू टाकी आणि पाइप घटकाभर मागून घ्या. ती लावून तेवढीच फेरी मारा. दोष गेला तर इंजिनाला हातही लावू नका. पाइप बाहेरून धडधाकट दिसतो म्हणून फसू नका. जुन्या पाइपाचं आतलं अस्तर सुटतं आणि जास्त रेस दिली की तेच आडवं येतं. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्याने लवकर खराब होतं, शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषतं. महिना महिना पडून असलेलं अर्धी टाकी पेट्रोल म्हणूनच वापरू नये. टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन पंधरा-वीस मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी आहे; टाकी आणि फिल्टर दोन्ही साफ करा.

टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं इंजिन असेल तर ऑइलचं प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेतलंच ठेवा. 50 ला 1 सांगितलं असेल तर 10 लिटर पेट्रोलला 200 मिली. जास्त ऑइलने इंजिन जास्त टिकतं हा समज चुकीचा आहे. प्लग काळे तेलकट होतात आणि इंजिन मिसिंग मारतं. एप्रिल-मेच्या उन्हात टाकी सावलीत ठेवा किंवा वर ओलं पोतं टाका, कारण तापलेल्या पाइपात पेट्रोलची वाफ होऊनही प्रवाह तुटतो.

पंखा आणि पाणी

आवाज वाढून होडी मंदावत असेल तर इंजिन बंद करा, बंद करणारी लाल दोरीची क्लिप काढून घ्या आणि मगच पंखा वर उचला. जाळ्याचा नायलॉन धागा किंवा शेवाळ गुंडाळलेलं असेल ते कापा. पंख्याच्या मधल्या रबरी बुशाची परीक्षा सोपी आहे. आतल्या धातूपासून बाहेरच्या भागापर्यंत पेंटने एक सरळ रेघ ओढा, जोरात फेरी मारून या. रेघेचे दोन तुकडे सरकलेले दिसले तर बुश घसरतोय. धागा निघाला असेल तर गिअरचं ऑइलही बघा. दुधाळ पांढरं दिसलं तर धाग्याने सील कापलंय आणि आत पाणी गेलंय.

उन्हाळ्यात धरण उतरलं की गाळ ढवळला जातो आणि इंजिन तोच ओढतं. इंजिन थंड करून मागून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली किंवा थांबली, तर लगेच इंजिन बंद करा. खालच्या जाळीतला गाळ काढा, धारेची नळी तारेने मोकळी करा. तरी धार आली नाही तर पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं फिरणारं रबरी चक्र, बदलावं लागेल. काही फोर-स्ट्रोक इंजिनं तापली की स्वतःच वेग कमी करतात. तो दोष समजून रेस पिळत राहिलात तर पिस्टन जाईल.

करंट

लाटेचा धक्का बसला की इंजिन अडखळत असेल तर लाल दोरीचं स्विच, त्याची वायर आणि बॅटरीची टोकं हलवून बघा. गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा सुरू होत असेल तर प्लगला करंट देणारी कॉइल संशयित. ठिणगी गरम असतानाच तपासावी लागते, थंड झाल्यावर ती ठीकच येणार. त्यासाठी स्पार्क टेस्टर वापरा, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर हे करूच नका.

मिस्त्रीकडे जाताना कागदावर लिहून न्या : किती वेळाने ताकद गेली, आवाज कसा होता, फुगा कडक होता की चपटा, धार चालू होती का, दुसरी टाकी लावल्यावर काय झालं. एका वेळी एकच भाग बदलायला सांगा आणि तो बदलल्यावर पैसे देण्याआधी पाण्यात तितकाच वेळ चालवून बघा.