घरात शुगर आहे? मग आधी टेप शोधा

बाबांना शुगर, आत्याला शुगर, आजोबांची तर बोटं कापावी लागली, आणि तरी मी पस्तिशीपर्यंत एकदाही रक्त तपासलं नव्हतं कारण काय तर मी बारीक. बारीक माणसाला कुठली शुगर, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये छापून आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सेम, २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! म्हणजे वजनकाटा आपल्याला फसवतो.

म्हणून टेलरची टेप घ्या, श्वास सोडा, पोट आत न ओढता बेंबीपाशी मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० च्या वर गेलं की सावध व्हायचं.

मग आईला किंवा मावशीला फोन करून नीट विचारा, कोणाला शुगर, कितव्या वर्षी, गरोदरपणात कोणाची वाढली होती का. हे कागदावर लिहून डॉक्टरकडे न्या. उपाशीपोटी शुगर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) दोन्ही करा, आठ तास काही खायचं नाही, सकाळचा चहापण नाही, पाणी चालतं. उपाशी १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आली तर ती बॉर्डर, आणि खरं काम करायची वेळ हीच असते.

जीन्सच तसे आहेत मग काय करणार, असं म्हणून कृपया सोडून देऊ नका. अमेरिकेत बॉर्डरवरच्या ३,२३४ लोकांवर मोठा अभ्यास झाला, ज्यांनी सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं ठरवलं त्यांच्यात शुगर होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, नुसती मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. आणि टीसीएफ७एल२ नावाचा जीन ज्यांना दोन्हीकडून जोखमीचा आला होता त्यांचा जास्तीचा धोका या चालणाऱ्या गटात जवळपास दिसेनासा झाला. मला हे वाचून खरंच रडू आलं होतं.

रोजचं सांगायचं तर पानात आधी कोशिंबीर आणि उसळ संपवा, भात नंतर आणि निम्मा. जेवल्यावर लगेच सोफा नाही, शतपावली, पण शंभर पावलांवर थांबू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला. झोप आणि तंबाखूचं वेगळं सांगायला नको. गोळ्या चालू असतील तर मात्र मनाने बंद करू नका.

आणि रिपोर्ट नॉर्मल आला तरी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, पुढच्या वर्षी परत करायचाय. भावंडांनापण सोबत न्या, त्यांचे आईबाप तेच आहेत.