२५ मिनिटांची वामकुक्षी कशी घ्यावी

जेवण हलकं, खोली अंधारी. नावात ‘वाम’ आहे म्हणून डाव्याच कुशीचा हट्ट नको, उजवीवरही झोप लागते. आडवं होण्याआधी अर्धा कप कॉफी घ्या. तिचा अंमल चढायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर डुलकी आटोपते. संध्याकाळकडे मात्र कॉफी नको, रात्रीच्या झोपेचा विचका होतो.

गजर २५ मिनिटांचा. पाच डोळा लागायला, वीस झोपेची.

खरी गोम इथेच आहे. ‘झोप पुरी होईपर्यंत झोपा’ असं सांगणाऱ्यांनी कधी रात्रपाळी केलेली नसते. अर्धा तास उलटला की गाढ झोप लागते. एरवी शरीराची पाचवा हिस्सा ऊर्जा एकटा फस्त करणारा मेंदू तिथे आच मंद करतो. ग्लुकोजचा खप सुमारे ४० टक्क्यांनी उतरतो, रक्तप्रवाहही घटतो. अशातून उठलात तर रक्त सगळीकडे एकदम परतत नाही. मेंदूच्या तळाकडच्या भागात ते पाच मिनिटांत पूर्ववत होतं, म्हणून डोळे उघडतात, पाय चालू लागतात. कपाळामागच्या, निर्णय घेणाऱ्या भागाला आणखी पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्या वेळात तुम्ही जागे दिसता, एवढंच.

मी हे बॉयलरवर शिकलो. रात्रपाळीत ५० मिनिटं झोपलो आणि उठल्याउठल्या लॉगशीट भरली. सकाळच्या पाळीवाल्याने विचारलं, “काय राव, वाफेचं तापमान साडेदहा?” दाब तापमानाच्या रकान्यात गेला होता, खाली माझी झोकदार सही.

तेव्हापासून जागरण झालेलं असेल तर गजर १५ चाच. थकलेला मेंदू गाढ झोपेत लवकर बुडी मारतो, २५ त्याला जास्त होतात. फोन अंथरुणापासून लांब ठेवा, उठूनच बंद करावा लागेल असा. तोंडावर पाणी मारा म्हणतात. मारा, तरतरी येते, पण तेवढ्यावर विसंबून गाडीची किल्ली उचलू नका. चुकून जास्त झोपलात तर अर्धा तास गाडी, हिशेब, सही, काही नाही. उजेडात एक फेरी मारून या.

डोळा लागलाच नाही तर गजर होईपर्यंत नुसते पडून राहा.

वेळ मोकळा असेल तर सरळ दीड तास झोपा. तोवर बहुधा झोपेचा, हलकी ते गाढ ते स्वप्नं असा, एक फेरा पुरा होतो, आणि शेवटच्या स्वप्नांच्या टप्प्यात मेंदूची आच जवळपास जागेपणाइतकी चढलेली असते. पाऊण तास मात्र कधीच नाही.