एसटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमध्ये) गाळ बसत नाहीये? मग हे करा
कळंगुट-कांदोळीकडच्या हॉटेलांत सीझनला हे होतंच, गाळ बसत नाही नि क्लॅरिफायरमधून (गाळ खाली बसवायची टाकी) पाण्याबरोबर बाहेर जातो. एरेशन टँकमधलं (हवा सोडतात ती टाकी) एक लिटर पाणी सिलिंडरात ३० मिनिटं ठेवा, बसलेल्या गाळाचे मिली गुणिले १००० भागिले एमएलएसएस (त्या टाकीतल्या पाण्यातला तरंगता गाळ, मिलिग्रॅम प्रति लिटर), हा एसव्हीआय (गाळ किती नीट बसतो त्याचा आकडा) १५० च्या वर गेला की मायक्रोस्कोप काढा, फ्लॉकमधून (गाळाच्या गुठळ्या) केसासारखे धागे बाहेर आलेले दिसले तर फिलामेंटस (धाग्यासारखे बॅक्टेरिया) वाढलेत. लगेच क्लोरीन ओतू नका बाबांनो! आधी डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) बघा, २ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर हवा सोडणारे ब्लोअर-डिफ्युझर तपासा, किचनचा ग्रीस ट्रॅप साफ करून घ्या (तो कोणाला आठवतच नाही). तरी नाहीच जमलं तर रिटर्न स्लजच्या लाइनीत (क्लॅरिफायरमधला गाळ परत एरेशन टँकमध्ये नेणारी) हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) सोडा, हजार किलो एमएलएसएसला दिवसाला २-३ किलो क्लोरीन पडेल इतपत, आणि वरचं पाणी गढूळ व्हायला लागलं की डोस लगेच कमी.