देवळात जाताना: गुरवाच्या सुनेचं सांगणं

आमच्याकडे शंकराच्या देवळाची गुरवकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून गाभारा झाडायचं आणि धुवायचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे मी जे सांगते आहे ते पोथीतलं कमी आणि केरसुणी हातात असताना दिसलेलं जास्त.

चपला जोत्याखाली काढा, नळावर पाय धुवा आणि पुसूनच वर या. सभामंडपातली काळी फरशी लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालेली असते, थोडं पाणी सांडलं तरी म्हातारं माणूस घसरतं. फरशीत कोरलेलं कासव असेल तर त्याला नमस्कार करून बाजूनं पुढे जा. नंदी आणि पिंडीच्या मधून आडवं जात नाहीत. नंदीच्या दोन्ही शिंगांवर अंगठा आणि तर्जनी ठेवून मधून पिंडी पाहतात, त्याला शृंगदर्शन म्हणतात. कुणी तसं वाकून बघत असेल तर त्याचं होईपर्यंत थांबा. घंटा आत येताना एकदा वाजवायची, निघताना नाही. उंबऱ्यावर पाय न देता तो ओलांडायचा.

गाभाऱ्यात शिरण्याआधी विचारा. प्रत्येक देवळाची रीत वेगळी असते. पंढरपूरला विठोबाच्या पायांवर थेट डोकं ठेवता येतं, तर कितीतरी ठिकाणी दर्शन उंबऱ्याबाहेरूनच घ्यायचं असतं. फोटोचंही तसंच, आधी विचारायचं.

आता अभिषेक. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दुधाची पिशवी दातानं फोडून तशीच पिंडीवर ओततात. दात लागला म्हणजे पिशवी उष्टी झाली, हे लक्षातच येत नाही. घरून तांब्यात दूध आणा, पळीभर वाहा, मग स्वच्छ पाण्याची बारीक धार धरा. दूध शाळुंकेच्या, म्हणजे पिंडीखालच्या बैठकीच्या, खाचेत साचलं की दुपारपर्यंत आंबतं, मुंग्या लागतात, आणि ती खाच मला बोटाला फडकं गुंडाळून पुसावी लागते. दगडही झिजतो. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या पिंडीची झीज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. 2017 मध्ये तिथे प्रत्येक भाविकाला अर्धा लिटर शुद्ध केलेल्या पाण्याचीच मर्यादा घातली गेली. शंकराला कमी पाणी वाहिलं म्हणून भक्ती कमी होत नाही, असं मी मनापासून मानते. वर गळती, म्हणजे तळाला भोक असलेलं पाण्याचं भांडं, टांगलेली असते, तिची थेंब-थेंब धार चालूच असते.

बेल तीन पानांचा, न फाटलेला, आणि पिंडीवर पालथा ठेवायचा. केवडा शंकराला वाहत नाहीत. हळद-कुंकूही आम्ही पिंडीला लावू देत नाही, भस्म लावतो.

श्रावणात नव्या सुना शिवामूठ वाहायला येतात: पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या सोमवारी तीळ, मग मूग, मग जव. मुलींनो, मूठ म्हणजे मूठच. पिशवी रिकामी करू नका. एका वर्षी भाद्रपदात गोमुखातून पाणी जाईना म्हणून मी पन्हाळीत हात घातला, तर आत मूग उगवून त्यांच्या मुळांचं जाळं झालेलं. जास्तीचं धान्य कोरडंच आमच्या हाती द्या, ते कुणाच्या तरी पोटात जाईल.

समई भरलेली दिसली तर तेलाची बाटली गुरवाकडे ठेवा. एका श्रावणी सोमवारी कुणीतरी भरल्या समईत आणखी ओतलं, तेल फरशीवर आलं, आणि माझ्या सासूबाई पडल्या. मनगट मोडलं. त्यानंतर त्यांना कधी घागर उचलता आली नाही. उदबत्ती दगडाच्या फटीत खोचू नका, दाराजवळ वाळू भरलेलं भांडं असतं त्यात लावा.

प्रदक्षिणा देव उजव्या हाताला ठेवून घालतात. शंकराची मात्र अर्धी, सोमसूत्री. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हाळ ओलांडायची नाही. तिथपर्यंत जायचं, उलट फिरायचं आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा पन्हाळीपर्यंत यायचं. गर्दीत समोरासमोर माणसं येतात, तेव्हा लेकुरवाळीला आणि म्हाताऱ्यांना भिंतीकडची वाट द्या.

तीर्थ उजव्या हाताच्या खोलगट तळव्यावर घ्या, खाली डावा हात धरा म्हणजे थेंब सांडत नाही. ओला हात खांबाला पुसू नका, रुमाल जवळ ठेवा. आमच्या देवळाचे पुढचे दोन खांब अशा हातांनी चिकट काळे झाले आहेत, सोडा लावून घासले तरी निघत नाही.

निघताना लगेच चपलांकडे धावू नका. पायरीवर, येणाऱ्याची वाट न अडवता, दोन मिनिटं टेका. नारळाची शेंडी, कापराचा कागद, हाराची पिशवी आपल्याजवळच आहे ना, ते तेवढ्यात बघून घ्या.